मोटारीतले गाणे आणि ओहमचा हिशेब

मोटारीत गाणे ऐकण्याची हौस आता चांगलीच जुनी झाली. अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने मोटारीतला रेडिओ १९३० साली बाजारात आणला, त्याला नव्वदहून अधिक वर्षे झाली. त्या काळी रेडिओ आणि त्याचा स्पीकर जोडीनेच विकत मिळत. कोणाचे कोणाशी जुळते, हा प्रश्न ग्राहकाला पडतच नसे. आज तसे राहिलेले नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जा, नाहीतर पुण्याच्या तपकीर गल्लीत जा. ॲम्प्लिफायर एका कंपनीचा, सबवूफर दुसरीचा, तार तिसरीची, आणि हे सगळे जोडून देणारा कारागीर चौथाच. या चौघांचे जमले तर गाडीत मैफल बसते. नाही जमले तर पैसे जातात, ॲम्प्लिफायर जळतो, आणि क्वचित प्रसंगी गाडीसुद्धा पेटते. हे जमवायचे कसे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय.

मी कॉलेजात गणित शिकवतो, गाड्या दुरुस्त करत नाही. परंतु हा विषय निम्म्याहून अधिक गणिताचाच आहे, आणि तेही गुणाकार-भागाकारापलीकडचे नाही. जवळ कागद-पेन्सिल असेल तर घ्या. गाडी चालवत असाल तर मात्र नुसते ऐका.

दुकानात शिरल्यावर आपण पहिला प्रश्न विचारतो तो असा: "किती वॅटचा आहे?" टेपरेकॉर्डरच्या जमान्यात खोक्यावर 'पी.एम.पी.ओ.' अशी अक्षरे लिहून हजारांचे आकडे छापत, ते पुष्कळांना आठवत असेल. तो खेळ अजून पुरता संपलेला नाही. गाडीच्या स्टिरिओच्या खोक्यावर 'प्रत्येकी ५० वॅट, चार स्पीकर' असे लिहिलेले असते. हे ५० कुठून आले ते पाहू. इंजिन चालू असताना बॅटरीचा दाब सुमारे १४.४ व्होल्ट असतो. गाडीतला स्पीकर बहुधा ४ ओहमचा. शक्ती काढायची तर व्होल्टचा वर्ग करून त्याला ओहमने भागायचे. १४.४ चा वर्ग सुमारे २०७. त्याला ४ ने भागले की ५२. हेच ते ५० वॅट. पण एवढी शक्ती केव्हा मिळेल? आवाजाच्या लाटेचे शेंडे छाटून तिची चौकोनी पेटी झाली तर. गाण्याची लाट अशी नसते. स्वच्छ, गोल लाटेला याच्या बरोबर निम्मी शक्ती मिळते, म्हणजे २६ वॅट. त्यातून आतल्या सर्किटची थोडी घट वजा केली की हातात राहतात सुमारे २० वॅट. खोक्यावरचा आकडा अगदीच खोटा नव्हे. पण तो आपल्या कामाचा नव्हे. कामाचा आकडा 'आर.एम.एस.' या अक्षरांपुढे, बहुधा बारीक टाइपात, छापलेला असतो. तोच वाचावा.

बरे, आर.एम.एस. वॅट समजले, तरी प्रश्न अर्धाच सुटला. "हा ॲम्प्लिफायर पाचशे वॅटचा" असे म्हणणे म्हणजे भाव सांगायचा पण किलोचा की क्विंटलचा ते सांगायचे नाही, अशातला प्रकार. पाचशे वॅट कशावर? चार ओहमवर, दोन ओहमवर, की एका ओहमवर? तोच ॲम्प्लिफायर चार ओहमवर ३०० वॅट देईल, दोनवर ५०० देईल, आणि एकावर धूर देईल. म्हणून माझे सांगणे असे की वॅट नंतर विचारावेत, आधी ओहम विचारावेत.

या मापाला ज्यांचे नाव दिले ते गेऑर्ग ओहम हे जर्मनीतले गणिताचे आणि पदार्थविज्ञानाचे शिक्षक. विद्युत्प्रवाह, दाब आणि रोध यांचे नाते सांगणारा त्यांचा ग्रंथ १८२७ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्याच देशात त्याचे स्वागत थंडे झाले. पुढे १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ली पदक देऊन गौरवले. मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले ते १९२७ च्या जुलै महिन्यात, म्हणजे ओहमच्या ग्रंथानंतर बरोबर शंभर वर्षांनी. आज माझा आवाज ज्या स्पीकरमधून तुमच्यापर्यंत पोहोचतो आहे, त्याच्या पाठीवरही ओहमचा आकडा छापलेला असेल.

आता ओहम म्हणजे अडथळ्याचे माप, हे शाळेत सर्वांनी शिकलेले असते. तरी एक गोष्ट माणसाला पुन्हा पुन्हा चकवते. आकडा लहान झाला की ओझे हलके झाले, असे आपल्याला सहज वाटते. ओहमच्या बाबतीत ते नेमके उलट आहे. ज्यांच्या विहिरीवर पंप आहे त्यांना हे चटकन समजेल. पंपाची मोटर नेहमीच्या उंचीवर पाणी चढवत असते तोवर ठीक चाललेली असते. पण पंपाजवळच पाइप निसटला तर? पाणी मोकळे सुटते आणि धो धो वाहू लागते. वाटेत अडथळा उरलेला नाही, मग मोटरला आराम मिळायला हवा. पण तीच मोटर जास्त अँपिअर खेचू लागते, तापते, आणि स्टार्टर ट्रिप होतो. ॲम्प्लिफायरचे असेच आहे. स्पीकरचे ओहम कमी म्हणजे वाट मोकळी, प्रवाह जास्त, आणि तो प्रवाह पुरवण्याचा भार ॲम्प्लिफायरवर. चारचे दोन ओहम केले की प्रवाह दुप्पट. दोनचा एक केला की चौपट. आकडा उतरतो तसे ओझे चढते. ही एक गोष्ट लक्षात राहिली तरी भाषण वाया गेले नाही असे मी समजेन.

येथे शास्त्राची एक बारीक बाब सांगून टाकतो. स्पीकरचा ओहम हा नुसता तारेचा रोध नसतो. लोहचुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे मागेपुढे हलत असते, त्यामुळे स्वर बदलेल तसा अडथळाही बदलतो. या बदलत्या अडथळ्याला पाठ्यपुस्तकात संरोध म्हणतात, दुकानात इंपिडन्स म्हणतात. चार ओहमचा सबवूफर एखाद्या विशिष्ट स्वराला वीस-तीस ओहमचाही होतो. मग '४ ओहम' हा आकडा कसला? तो नाममात्र आकडा आहे. आंतरराष्ट्रीय मानक असे सांगते की संरोध छापील आकड्याच्या ८० टक्क्यांच्या खाली उतरू नये. म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरने ३.२ च्या खाली जाऊ नये. मल्टिमीटर लावला तर ४ ओहमचा चांगला स्पीकर साडेतीनच्या आसपास दाखवतो. तेव्हा "मीटर चार दाखवत नाही, माल डुप्लिकेट आहे" असे म्हणून दुकानदाराशी भांडू नये.

आता प्रत्यक्ष घडलेला एक प्रकार सांगतो. गेल्या दिवाळीनंतर एक जुना विद्यार्थी घरी आला. नोकरी लागल्यावर त्याने सेकंडहँड गाडी घेतली होती, आणि पहिल्या बोनसमधून तीत दोन सबवूफर बसवून घेतले होते. पण चेहरा उतरलेला.

"सर, आवाज जरा वाढवला की ॲम्प्लिफायर बंद पडतो. लाल दिवा लागतो. दुकानदार म्हणतो, हा लहान पडतोय, मोठा घ्या."

मी विचारले, "अरे, पण किती ओहमवर चालवतोयस?"

"ते काही विचारलं नाही, सर. पाचशे वॅटचा आहे एवढं माहीत आहे."

बोलता बोलता आणखी एक गोष्ट बाहेर आली. फ्यूज दोनदा उडाला होता, म्हणून दुकानातल्या पोऱ्याने तिथे दुप्पट अँपिअरचा फ्यूज टाकून दिला होता. त्यानंतर आईला आणि धाकट्या बहिणीला घेऊन तो कोल्हापूरला जाऊन आला. वाटेत आई म्हणत होती, "काहीतरी जळल्यासारखा वास येतोय रे." याने काचा खाली केल्या आणि गाडी पुढे हाकली.

त्याला गाडीजवळ घेऊन गेलो आणि आधी कागद काढायला लावला. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर लिहिले होते: किमान २ ओहम, ५०० वॅट आर.एम.एस. सबवूफर दोन, आणि प्रत्येकात दोन दोन वेटोळी. याला दुकानात डबल कॉइल म्हणतात. प्रत्येक वेटोळे २ ओहमचे. एकूण चार वेटोळी, आणि कारागिराने ती चारही समांतर, म्हणजे पॅरलल, जोडून दिलेली.

आता जोडणीचे दोन नियम पाहू. एकसर जोडणीत, म्हणजे सिरीजमध्ये, एकाचे शेपूट दुसऱ्याच्या तोंडाला बांधायचे. तिथे ओहमची सरळ बेरीज होते. २ आणि २ मिळून ४. समांतर जोडणीत दोघांची तोंडे एकत्र आणि शेपटे एकत्र. तिथे व्यस्तांची बेरीज करून पुन्हा व्यस्त घ्यायचा. सारख्या आकड्यांसाठी हे फार सोपे आहे: एकाचा आकडा घ्या आणि जितकी वेटोळी असतील तितक्याने भागा. २ ओहमची चार वेटोळी समांतर, म्हणजे २ भागिले ४, अर्धा ओहम.

ॲम्प्लिफायर म्हणत होता, "दोन ओहमच्या खाली मला नेऊ नका." आणि त्याला जुंपले होते अर्ध्या ओहमला. म्हणजे चौपट ओझ्याला! तो लहान पडत नव्हता. तो आपला जीव वाचवण्यासाठी बंद पडत होता. लाल दिवा म्हणजे बिघाड नव्हे, ती त्याची तक्रार होती. मोठा ॲम्प्लिफायर घेतला असता तरी अर्ध्या ओहमवर चालायचे ठरवून बनवलेले फारच थोडे असतात, आणि ते घरच्या गाडीसाठी नसतात.

उपाय काय केला? प्रत्येक सबवूफरमधली दोन वेटोळी आपसात एकसर जोडली: २ अधिक २, ४ ओहम. मग ते दोन सबवूफर एकमेकांना समांतर जोडले: ४ भागिले २, बरोबर २ ओहम. ॲम्प्लिफायरला जे हवे होते नेमके तेच. चार तारांच्या जागा बदलल्या, अर्धा तास गेला, आणि जोडणीपुरता एक रुपयाही खर्च आला नाही. मोठ्या ॲम्प्लिफायरचे पैसे मुलाच्या खिशातच राहिले.

यातून खरेदीच्या आधी करण्याचा एक हिशेब निघतो. डबल कॉइलचे दोन सबवूफर घेतले, आणि प्रत्येक वेटोळे २ ओहमचे असले, तर सगळ्या वेटोळ्यांना सारखा वाटा देणाऱ्या जोडण्यांतून तीनच आकडे मिळतात: अर्धा, २ किंवा ८. वेटोळे ४ ओहमचे असले तर १, ४ किंवा १६. तुमचा ॲम्प्लिफायर २ ओहमला उत्तम चालणारा असेल, तर ४-४ वेटोळ्यांच्या जोडीतून २ हा आकडा कितीही डोके खाजवले तरी येणार नाही. म्हणून आधी कागदावर मांडावे आणि मग पाकीट काढावे.

आणखी एक फसगत ब्रिजिंगची. दोन चॅनेलचा ॲम्प्लिफायर असतो आणि त्याची दोन्ही चॅनेल एकत्र करून एकच सबवूफर चालवतात. यात शक्ती वाढते हे खरे. परंतु प्रत्येक चॅनेलला त्या सबवूफरचे निम्मेच ओहम दिसतात. ४ ओहमचा सबवूफर ब्रिज केला तर प्रत्येक चॅनेलच्या वाट्याला २. म्हणून ज्या ॲम्प्लिफायरवर 'किमान २ ओहम' असे लिहिले आहे, त्याला ब्रिजमध्ये ४ च्या खाली नेता येत नाही. हे बारीक अक्षर वाचले नाही म्हणून पुष्कळ ॲम्प्लिफायर अकाली गेले आहेत.

घरचे आणि गाडीचे स्पीकर अदलाबदल करणाऱ्यांसाठीही एक शब्द. घरातले स्पीकर पुष्कळदा ८ ओहमचे असतात. ते गाडीत लावले तर धोका नाही, शक्ती तेवढी निम्मी मिळेल. पण गाडीतून काढलेले ४ ओहमचे स्पीकर ८ ओहमसाठी बनवलेल्या घरच्या ॲम्प्लिफायरला लावले, तर त्याच्यावर दुप्पट भार पडतो. गाडीचे स्पीकर कमी ओहमचे का करतात, याचे कारण बॅटरी. दाब बारा-चौदा व्होल्टच, मग शक्ती काढायची तर वाट मोकळी करण्यावाचून उपाय नाही.

कॉलेजातला एखादा हुशार मुलगा इथे शंका काढतो. "सर, आतला आणि बाहेरचा रोध सारखा असला की शक्ती सर्वांत जास्त पोहोचते, असा सिद्धांत आहे ना?" सिद्धांत खरा आहे. पण आजच्या ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरचा आतला रोध ओहमच्या लहानशा अंशाएवढा असतो. त्याच्याशी बरोबरी करायला जाल तर जवळजवळ शॉर्ट सर्किटच होईल. म्हणून येथे 'मॅचिंग' म्हणजे बरोबरी नव्हे. ॲम्प्लिफायरने सांगितलेल्या किमान आकड्याच्या खाली न जाणे, एवढाच त्याचा अर्थ.

आता कोणी म्हणेल, "ओझे सोसणारा ॲम्प्लिफायर असेल तर ओहम कमी करून आवाज तरी पुष्कळ वाढेल ना?" याचाही हिशेब करू. चारचे दोन ओहम केले तर फार तर शक्ती दुप्पट होते. शक्ती दुप्पट म्हणजे आवाजात वाढ ३ डेसिबलची. कानाला ती जाणवते, पण जेमतेम. आवाज दुप्पट मोठा वाटायला सुमारे १० डेसिबल वाढावे लागतात, आणि त्यासाठी शक्ती दसपट लागते. उलट स्पीकर निवडतानाच ८६ ऐवजी ८९ डेसिबल संवेदनशीलतेचा निवडला, तर तेच ३ डेसिबल फुकटात मिळतात. शिवाय सबवूफरच्या पेटीचे आकारमान कंपनीने दिलेल्या मापाचे असावे. आणि दोन्ही सबवूफरचे अधिक-उणे जुळलेले असावे. एकाचे उलटे लागले तर एक हवा पुढे ढकलतो त्याच क्षणी दुसरा मागे ओढतो, आणि खर्ज गायब होतो. तपासायला दीड व्होल्टचा साधा सेल पुरतो. ॲम्प्लिफायरच्या तारा सोडवून सेलचे अधिक टोक स्पीकरच्या अधिकाला क्षणभर टेकवावे. कोन बाहेर आला पाहिजे.

खर्जालाच एवढी शक्ती का लागते, हेही ऐकून ठेवा. सबवूफरचे काम साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खालच्या स्वरांचे. स्वर एक सप्तक खाली उतरला की तेवढाच आवाज काढायला कोनला चौपट अंतर हलावे लागते. त्यातून आपला कान खालच्या स्वरांना मुळातच मंद. म्हणून बासरीला जिथे पाच वॅट पुरतात तिथे ढोलाला शंभरही अपुरे वाटतात.

आता त्या जळक्या वासाकडे वळू, कारण या विषयातली खरी जोखीम तिथे आहे. ॲम्प्लिफायर शक्ती निर्माण करत नाही, ती तो बॅटरीकडून घेतो. ५०० वॅट बाहेर द्यायचे, आणि ॲम्प्लिफायर डी वर्गाचा, म्हणजे सुमारे ८० टक्के कार्यक्षम असला, तर बॅटरीकडून ६२५ वॅट घ्यावे लागतात. त्याला १३.८ व्होल्टने भागा: सुमारे ४५ अँपिअर. जुन्या ए-बी वर्गाच्या ॲम्प्लिफायरला याहून पुष्कळ जास्त लागतील. लहान गाडीचा अल्टरनेटर साधारण ६० ते ९० अँपिअरचा असतो, आणि त्यातच दिवे, पंखा, इंजिनाची यंत्रणा, सगळे भागवायचे असते. गाणे म्हणजे काही सतत पूर्ण जोर नव्हे, म्हणून निभावते. पण तार मात्र पूर्ण जोराचा विचार करूनच घालावी लागते.

त्या मुलाच्या गाडीत बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर तार होती, आणि ती घरच्या वायरिंगची २.५ चौरस मिलिमीटरची. तिचा रोध सुमारे ०.०३४ ओहम. आकडा क्षुल्लक दिसतो. पण ४५ अँपिअर वाहिले की त्या तारेत दीड व्होल्ट खर्च होतात, आणि सुमारे ७० वॅटची उष्णता तयार होते. कुठे? सतरंजीखाली, प्रवाशांच्या पायांशी. जुन्या काचेच्या ६० वॅटच्या बल्बला हात लावून पाहिलेल्यांना ही उष्णता काय असते ते सांगायला नको. तिथे २१ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घातली तर हीच उष्णता ८ वॅटवर येते. बाजारात जाड दिसणारी पण आतून ॲल्युमिनियमची, वरून तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्त मिळते. ती तांब्याच्या सुमारे दोन तृतीयांशच प्रवाहक्षम असते. चाकूने टोक खरवडावे. आत पांढरे दिसले तर ओळखावे. आणि जमिनीची, म्हणजे अर्थची, तारही तेवढीच जाड हवी. ती रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्याला घट्ट बसवावी.

फ्यूज हा तारेचा पहारेकरी आहे, ॲम्प्लिफायरचा नव्हे. तारेला जेवढे सोसते त्याहून मोठा फ्यूज घालणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपवून ठेवणे. फ्यूज उडतो तेव्हा तो का उडाला हे विचारावे. त्याच्या जागी जाडजूड फ्यूज टाकू नये. आणि फ्यूजची जागा बॅटरीजवळ, फार तर एका हाताच्या, म्हणजे दीड फुटाच्या आत. कारण इंजिनाच्या कप्प्यातून तार आत येते तिथे पत्र्याच्या धारेला घासून तिचे आवरण फाटले, तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतू शकते. फ्यूज डिकीत बसवला असेल तर तो बिचारा लांबून पाहत राहतो. त्या भोकात रबराचे ग्रोमेट बसवायला काही रुपये लागतात. ते वाचवू नयेत.

आम्ही सतरंजी उचलली तेव्हा तारेचे आवरण दोन ठिकाणी मऊ होऊन पत्र्याला चिकटलेले आढळले. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. आईला आलेला वास खरा होता. नवी तार आणि योग्य फ्यूज यांचा खर्च त्याने त्याच दिवशी केला.

शेवटचे बटण गेनचे. ॲम्प्लिफायरवरचे हे बटण म्हणजे आवाज वाढवायचे बटण, असा सार्वत्रिक समज आहे. तसे ते नाही. स्टिरिओकडून येणारा दाब ॲम्प्लिफायरच्या कुवतीशी जुळवण्यासाठी ते असते. ते जास्त पिळले की लाटेचे शेंडे छाटले जातात, आणि लाट चौकोनी होऊ लागते. चौकोनी लाटेत गोल लाटेच्या दुप्पट शक्ती असते हे आपण सुरुवातीला पाहिलेच. म्हणजे १०० वॅटचा ॲम्प्लिफायर पुरा पिळला तर तो स्पीकरच्या वेटोळ्यात २०० वॅटपर्यंत ओतू शकतो. वेटोळ्याचे व्हार्निश जळते, आणि मग स्पीकरची खरखर सुरू होते.

गेन लावायची सोपी रीत अशी. सबवूफर सोडवून ठेवा. स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांशावर, बास वाढवणारी सगळी बटणे शून्यावर. पन्नास हर्ट्झचा एकच शुद्ध स्वर लावा. आपल्या घरच्या विजेचीही वारंवारता हीच असल्यामुळे साधा मल्टिमीटर ती नीट मोजतो. मीटर ए.सी. व्होल्टवर ठेवून ॲम्प्लिफायरच्या तोंडाला लावा. किती व्होल्ट हवेत? वॅट गुणिले ओहम, आणि त्याचे वर्गमूळ. ५०० गुणिले २ म्हणजे १०००, वर्गमूळ ३१.६. मीटरने सुमारे साडेएकतीस दाखवले की बटण तिथेच सोडून द्या. दोन्ही सबवूफर मिळून ४०० वॅटच सोसणारे असतील तर ४०० चा हिशेब धरा: साधारण २८ व्होल्ट.

एवढे सगळे जमले म्हणजे गाडीत आवाज भरपूर होईल, आणि तिथे आणखी एका यंत्राची कुवत पाहावी लागेल, ती कानाची. त्याला सुटे भाग मिळत नाहीत. कामगारांच्या कानांसाठी अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संस्थेने घालून दिलेली मर्यादा अशी: ८५ डेसिबल आठ तास, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. बंद काचांच्या गाडीत १०० गाठायला फार मोठा ॲम्प्लिफायर लागत नाही. काचा उघडल्या तर रस्त्यावरचे लोक आहेतच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र धरली आहे ती १० ते सकाळी ६.

तेव्हा श्रोतेहो, दुकानात जाताना चार प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्यावेत. हा ॲम्प्लिफायर किमान किती ओहमवर चालतो? त्या ओहमवर त्याचे आर.एम.एस. वॅट किती? माझ्या सबवूफरची वेटोळी जोडून तो आकडा येतो का? आणि तेवढ्या प्रवाहाला तार केवढी आणि फ्यूज केवढा? या चारांची उत्तरे जो दुकानदार न चिडता देईल त्याच्याकडून माल घ्यावा. जो म्हणेल, "साहेब, ते सगळं आमच्यावर सोडा," त्याच्याकडून चहा घ्यावा, आभार मानावेत आणि पुढच्या दुकानात जावे.